उतारावरचा दुसरा लगाम
(वडनेर येथील बैठकीतले भाषण)



वडनेरहून हिंगणघाटच्या बाजारात कापूस न्यायला आपण पिकअपमागे ट्रॉली जोडतो. ओढायला इंजिन पुरतं, पण आवरायला? लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

डिझेल इंजिनात, विशेषतः जुन्या, पाय काढला तरी गाडी फारशी आवरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे धुराच्या नळीतली झडप. ती मिटली की धूर कोंडतो, पिस्टनला तो जोर लावून ढकलावा लागतो, आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. खालच्या गिअरमध्ये पकड जास्त.

पण ध्यानात ठेवा. हा ब्रेक गाडी उभी करत नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात, ट्रॉली मागून रेटते. इंजिनला किती कोंडमारा सोसतो, ते बनवणाऱ्या कंपनीला विचारा. बीएस-सहा गाडीच्या नळीत गाळणी असते. ती कापू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मनमानी बदल चालू देत नाही.

म्हणून आधी ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक, मग बाकीचं. कापूस पोचला आणि पट्टी घेऊन माणूस घरी आला, तरच हंगाम साधला!