संगणकाची भाषा : प्रयोग आणि पृच्छा



शतकभर ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत संगणकाच्या भाषेचा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु कोणतीही भाषा नुसते व्याकरण वाचून येत नाही. ती बोलून, चुकून आणि जाणत्याला विचारून येते, हा अनुभव महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्यांना नवा नाही.

स्क्रिप्टिंग भाषांचेही तसेच आहे. पायथॉन हे त्यांचे ठळक उदाहरण. अ‍ॅमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत गीदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात तिच्या रचनेस आरंभ केला आणि १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. एक ओळ लिहावी आणि तत्क्षणी उत्तर पाहावे, ही तिची सोय. चूक झालीच, तर ती कोणत्या ओळीत व कोणत्या प्रकारची, हेही यंत्र सांगते. त्यामुळे नवशिक्याला धीर येतो.

तथापि प्रयोगालाही मर्यादा आहे. सात भागिले दोन हे साधे गणित घ्या. जुन्या पुस्तकात उत्तर ३ छापलेले आढळते. आजचे यंत्र ३.५ देते. मग पुस्तक चुकले काय? नाही. पूर्वी पूर्णांकाला पूर्णांकाने भागले, की ही भाषा उत्तर खालच्या पूर्णांकावर आणून ठेवीत असे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो नियम बदलला. प्रयोगातून काय घडते ते कळते. का घडते, हे सांगायला बहुधा अनुभवी सहकारी लागतो. जुने उत्तर हवे असल्यास भागाकाराची तिरपी रेघ दोनदा द्यावी, हेही तोच दाखवितो.

विचारण्याचीही एक रीत आहे. 'प्रोग्रॅम चालत नाही' एवढ्याने कोणालाच बोध होत नाही. काय लिहिले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि आवृत्ती कोणती, हे चार मुद्दे मांडावेत. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम छाटत छाटत दोष दाखविणाऱ्या दहा ओळींवर आणावा. पुष्कळदा त्या छाटणीतच उत्तर सापडते. मिळालेले उत्तरही स्वतः चालवून पाहावे. सहकाऱ्याचे ज्ञानही पुस्तकाप्रमाणे जुने झालेले असू शकते.

विचारण्यात कमीपणा मानणारा नवशिका आणि सांगण्यात कालापव्यय मानणारा जाणता, या दोघांमुळे विद्या खुंटते. म्हणून ग्रंथालयांनी या विषयाच्या पुस्तकांवर आवृत्ती व वर्ष ठळकपणे नोंदवावे आणि त्या कपाटाशेजारी एक संगणक व दोन खुर्च्या ठेवाव्यात. एक शिकणाऱ्यासाठी, दुसरी सांगणाऱ्यासाठी.