मुलीच्या चार नोकऱ्या आणि र. कृ. जोशींचं अक्षर

मी म्हैसूरहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कॅमेऱ्यासमोर बसलं की पाठ अजून आपोआप ताठ होते. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

माझ्यासारख्या माणसाकडून तुम्ही सीमेवरच्या गोष्टींची अपेक्षा कराल. आज मात्र मी घरात, जेवणाच्या टेबलावर केलेली एक चूक सांगणार आहे.

माझी मुलगी बंगळुरूत प्रॉडक्ट डिझायनर आहे. ज्येष्ठ मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, कारण मलाही हे समजायला काही वर्षं लागली. तुम्ही मोबाइलवर तिकीट काढता, विजेचं बिल भरता. कोणतं बटण कुठे असावं, आधी काय विचारावं, मध्येच रेंज गेली तर पडद्यावर काय दिसावं, हे सगळं आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. लोकांना भेटायचं, ते कसं वापरतात ते बघायचं, कागदावर आखायचं, चुकलं तर पुसून परत आखायचं. हे काम करणारा तो प्रॉडक्ट डिझायनर. पूर्वी हा शब्द खुर्ची, घड्याळ, मिक्सर आखणाऱ्यांसाठी होता. आता सॉफ्टवेअरवाल्यांनीही तो घेतला आहे.

तर बारा वर्षांत मुलीच्या चार नोकऱ्या झाल्या. पहिली तिकीट आरक्षणाची कंपनी. दुसरी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणारी. तिसरी मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय देणारी. चौथी ऑनलाइन शिकवणीची. गेल्या वर्षी त्या चौथ्या कंपनीने तिचा सगळा विभागच बंद केला. मुलगी दोन बॅगा घेऊन म्हैसूरला आली. मुलाखती सुरू होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न यायचा, "तुमचं नेमकं क्षेत्र कोणतं?"

एका रात्री जेवताना मी बोलून गेलो, "बरोबरच विचारतात ते. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

ती काही बोलली नाही. ताट उचललं आणि आत गेली. तिच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी कोणत्याही कमांडिंग ऑफिसरच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

चार दिवस घरात अबोला होता. त्या दिवसांत मी लॅपटॉपवर नातवंडांसाठी सैन्यातल्या आठवणी मराठीत लिहीत होतो. टंकलेखनात मी कच्चा. पाचव्या दिवशी मुलगी चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. मी लिहिलं होतं, "आमच्या पलटणीने तीन दर्या पार केल्या."

म्हणाली, "बाबा, तुम्ही नेव्हीत कधी होतात?"

मला लिहायचं होतं 'दऱ्या'. लिहिलं गेलं 'दर्या', म्हणजे समुद्र. मंडळी, ही गंमत आपल्या मराठीची आहे. 'आचाऱ्याला बोलवा' म्हटलं तर स्वयंपाकी येतो आणि 'आचार्याला बोलवा' म्हटलं तर गुरुजी येतात. एका 'र'चा रफार डोक्यावर बसतो, दुसरा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदीला हा आडवा 'र' लागत नाही, मराठीला त्याच्यावाचून चालत नाही. संगणकावर ही दोन्ही रूपं दिसायची, तर ती कुणीतरी आधी आखून ठेवलेली असावी लागतात.

मुलीने विचारलं, "हे अक्षर कुणी आखलंय, ठाऊक आहे?" मी ज्या अक्षरात लिहीत होतो त्याचं नाव पडद्यावर होतं, 'मंगल'. म्हणाली, "र. कृ. जोशी. आम्हाला कॉलेजात त्यांच्याबद्दल शिकवलं होतं. बाबा, त्यांच्या नोकऱ्या मोजा एकदा."

मी मोजल्या. त्या मोजणीने माझं मत बदललं.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ चा. मुंबईत जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले. उल्का ही जाहिरातसंस्था १९६१ साली मुंबईत सुरू झाली. तिथे जोशींनी दोन दशकांच्या आसपास काम केलं. त्याच काळात ते मराठीत कविताही लिहीत होते, आणि त्यांच्या कवितेत शब्दांचा आकार, कागदावरची त्यांची मांडणी हाही कवितेचाच भाग असे. म्हणजे दिवसा साबण-कापडाच्या जाहिराती आणि उरलेल्या वेळात अक्षरांच्या कविता. माझ्यासारख्याने तेव्हाच म्हटलं असतं, "अरे, एक काहीतरी धर!"

पुढे १९८३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जाहिरातक्षेत्र सोडलं आणि पवईच्या आयआयटीत, तिथल्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवायला गेले. चांगलं बस्तान बसलेला माणूस इंजिनियरांच्या गावात जाऊन मास्तर होतो. तिथे ते १९९६ पर्यंत होते. मग वय झालं साठ. मंडळी, साठी म्हणजे आपल्याकडे शाल-श्रीफळाचं वय. जोशी त्यानंतर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत काम करू लागले. पुढे ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

आणि त्यांचं जे काम आज तुमच्या-माझ्या घरात आहे, ते या साठीनंतरच्या टप्प्यातलं.

ते काम किती मोठं, हे समजायला जुने दिवस आठवा. नव्वदीच्या दशकात एका संगणकावर केलेलं मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की किडामुंगी दिसायची. कारण प्रत्येक फॉन्टची गणती वेगळी. कुणाचा 'क' अमुक क्रमांकावर, तर दुसऱ्याचा तमुक. तोच फॉन्ट दोन्हीकडे नसेल तर पत्र वाया. युनिकोडने जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच गणती लावून दिली. 'क'चा क्रमांक पुण्यात जो, तोच म्हैसुरात आणि तोच न्यू जर्सीत. पण नुसता क्रमांक देऊन अक्षर दिसत नाही. 'राष्ट्र' लिहिताना ष, ट, र एकमेकांत कसे गुंफायचे, 'उद्ध्वस्त'मधली जोडाक्षरं कशी रचायची, वेलांटी किती लांब घ्यायची, हे सगळं संगणकाला नियम म्हणून शिकवावं लागतं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती 'मंगल' अक्षर घेऊन. पुढच्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीत कन्नड आली, तिचं अक्षर 'तुंगा'. तेही जोशींच्या दिग्दर्शनाखाली सहकाऱ्यांनी केलेलं. म्हणजे मी मुलाला मराठीत पत्र लिहितो आणि आमचे शेजारी सोसायटीची नोटीस कन्नडमध्ये काढतात, तेव्हा दोन्हीमागे एकच मराठी माणूस उभा असू शकतो. मी इतकी वर्षं म्हैसुरात राहतो, मला हे माहीत नव्हतं.

'मंगल'ला नावं ठेवणारेही आहेत. दोन ओळींत अंतर फार पडतं, पुस्तकाच्या छपाईला ते तितकं देखणं दिसत नाही, असं म्हणतात. असेल. पण ते आखलं होतं त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यासाठी. वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जाऊ नये, लहान आकारातही वाचता यावं, ही तिथली गरज. बुटाची परीक्षा चिखलात करावी, शोकेसमध्ये नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. या माणसाचं 'नेमकं क्षेत्र' कोणतं? जाहिरात, कविता, शिक्षण की सॉफ्टवेअर? मला वाटतं, ते चारही ठिकाणी एकच प्रश्न घेऊन फिरले. आपली अक्षरं नव्या साधनावर स्वतःच्या चालीने कशी चालतील? जाहिरातीत असताना साधन होतं ब्रश आणि छापखाना. आयआयटीत होते विद्यार्थी आणि यंत्रं. शेवटी आला संगणक. शेवटच्या वर्षांत ते वेदपठणातल्या स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळावी म्हणून खटपट करत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे त्यांचं निधन झालं. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये आला तो २००९ साली.

ही एकट्या जोशींची गोष्ट आहे असंही नाही. अमेरिकेत सुझन केअर नावाच्या बाई आहेत. त्यांनी कलेत डॉक्टरेट केली होती, संगणकाशी संबंध नव्हता. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकावरची चिन्हं आणि अक्षरं त्यांनी आखली. पुढे १९९० च्या विंडोज ३.० मधल्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांचेच. निवृत्तीनंतर आपल्यापैकी अनेकांनी ते पत्ते खेळण्यात दुपारी घालवल्यात, नाकारू नका! नंतर त्यांनी फेसबुकसाठी काम केलं, पिंटरेस्टमध्ये काम केलं. कंपन्या बदलल्या. छोट्या चौकटीत मोजक्या ठिपक्यांत माणसाला पटकन कळेल असं काहीतरी काढायचं, हे काम तेच राहिलं. भरतकाम आणि मोझॅक यांच्यासारखंच हे काम, असं त्या सांगतात.

हे सगळं कळल्यावर मी मुलीला सरळ विचारलं, "तू चार ठिकाणी काय केलंस, मला नीट सांग." बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, हे कबूल करतो.

ती सांगत गेली. तिकिटाच्या कंपनीत पैसे भरताना रेंज गेली की लोक घाबरून दोनदा पैसे भरायचे. म्हणून पडद्यावर आधी काय दिसलं पाहिजे, तर "थांबा, तुमची जागा अजून राखून ठेवली आहे." रुग्णालयात रात्री तीन वाजता थकलेली नर्स औषधाची नोंद करते. तिच्याकडे वाचायला वेळ नसतो, म्हणून चुकीचा डोस भरला तर पडद्याने तिथेच अडवलं पाहिजे. पैसे पाठवणाऱ्या कंपनीत भाजीवाल्या मावशी विचारायच्या, "पैसं आलं का गेलं?" ते त्यांना पडद्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून कळलं पाहिजे. शिकवणीच्या कंपनीत उत्तर चुकलेल्या मुलाला ओशाळं न करता पुढचा प्रश्न द्यायचा होता.

मी म्हटलं, "अगं, हे चारही एकच काम आहे. घाईत असलेल्या, घाबरलेल्या माणसाला पुढचं पाऊल दाखवायचं!"

ती म्हणाली, "बाबा, हेच मला मुलाखतीत सांगता येत नव्हतं."

त्या रात्री झोपताना मी माझ्याच बदल्या मोजल्या. अकरा. डोंगरातली चौकी, मुख्यालयातलं टेबल, प्रशिक्षण केंद्रातली शिकवणी, सामान खरेदीचं खातं, परत पलटण. प्रत्येक दोन-तीन वर्षांनी नवं काम, नवी भाषा, नवा साहेब. मला कुणी कधी 'चिंध्या' म्हटलं नाही, कारण अंगावरचा गणवेश एकच होता. माझ्या मुलीला गणवेश नव्हता, एवढाच फरक.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी महिन्याला एक नोकरी सोडेल आणि कर्नलसाहेब म्हणाले म्हणेल! जोशी जाहिरातीत वीसेक वर्षं होते, आयआयटीत तेरा. ते एका फांदीवर पूर्ण वजन टाकून मगच दुसरीकडे गेले. साहेबाशी पटलं नाही किंवा पगार दोन हजारांनी वाढला म्हणून मारलेली उडी वेगळी. कधी तीही मारावी लागते, पोट सगळ्यांना आहे. पण तिला दिशा म्हणू नये.

ओळखायचं कसं? सैन्यात बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. काय हाती घेतलं होतं, काय झालं, काय राहिलं, सगळं लेखी. तरुण मुलामुलींना मी सांगेन, नोकरी सोडताना स्वतःसाठी अशी एक पानभर नोंद लिहा. इथून मी काय शिकून निघालो, आणि पुढे कुठे ते वापरणार? पान भरलं तर खुशाल जा. कोरं राहिलं तर थोडं थांबून विचार करा.

आणि आई-वडिलांना सांगेन, जेवताना "पगार किती?" आणि "किती दिवस टिकणार?" हे दोन प्रश्न आपण भरपूर विचारले. एकदा तिसरा विचारा, "मागच्या कामातून इथे काय घेऊन आलीस?" उत्तर ऐकायला वेळ काढा. मी काढला नव्हता.

मुलीला अजून नोकरी लागलेली नाही. दोन ठिकाणी पुढच्या फेरीपर्यंत गेली आहे. तिच्या अर्जात आता कंपन्यांची यादी खाली गेली आणि वर एक वाक्य आलं आहे, ते घाईतल्या-घाबरलेल्या माणसाचं. मी तिची माफी मागितली. तिने काय केलं, तर माझ्या लॅपटॉपवर तो आडवा 'र' कसा काढायचा ते शिकवलं. परवा मी लिहिलं, "आमच्या पलटणीने तीन दऱ्या पार केल्या." या वेळी समुद्र आला नाही.

जय हिंद.