पावसाचं माप

मी तामलवाडीची, नववीत शिकते. आमच्या गटानं शाळेत पर्जन्यमापक बनवला. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापली, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बूड उंचसखल असतं, म्हणून खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, नोंद सकाळी साडेआठलाच घ्या. हवामान खातंही तेव्हाच घेतं. मला खरं नवल वाटलं ते गणिताच्या तासाला. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी! ५० चौरस मीटरच्या छतावर २० मिलिमीटर पडला, तर हजार लिटर. आमच्या दुष्काळी भागात एवढं पाणी वाहून जावं? हे सगळं आम्ही स्वतः करून शिकलो. पाबळ गावात डॉ. कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम काढला, तोही असं हातानं करत शिकण्यासाठीच. श्रोतेहो, तुमच्या छताचंही क्षेत्रफळ एकदा मोजाच.