आईच्या उशाशी ठेवलेलं घड्याळ



'तू आयटीतली, एआयवर बोल,' असं संयोजकांनी सुचवलं होतं. त्यावर बोलणारे इथे दहा जण मिळतील. मी घरी केलेल्या एका घड्याळाबद्दल बोलते, आणि तेही त्याच्या चेहऱ्याबद्दल आणि पेटीबद्दल. आतलं काम सोपं आहे. वेळ राखायला डीएस ३२३१ नावाची चिप आहे. ती वर्षाला साधारण मिनिटभर इकडेतिकडे होते. लोणावळ्याची वीज गेली तरी नाण्याएवढ्या सेलवर चालत राहते. पुढे ठिपक्यांचे चार चौकोन, प्रत्येकात चौसष्ट लाल एलईडी. जोडणी आणि प्रोग्राम दोन संध्याकाळींत झाला. बाहेरच्या रूपाला चार महिने लागले.

कारण ते आईसाठी होतं. तिला पार्किन्सन्स आहे. या आजारात गोळी वेळेवर लागते, उशीर झाला की हातपाय आखडतात. भिंतीवरचं घड्याळ तिला पलंगावरून दिसत नाही आणि मोबाईल थरथरत्या हातात राहत नाही. मग 'किती वाजले गं?' असं दिवसातून वीस वेळा विचारावं लागतं, आणि ते तिच्या जिवावर येतं. आयुष्यभर घर तिच्या वेळेवर चाललं होतं!

बाजारातल्या घड्याळांत बहुतेक सात पट्ट्यांचे आकडे असतात. त्या सरळ पट्ट्यांत इंग्रजी आकडे बसतात, आपले नाही. ४ ची गाठ, ३ ची वळणं, ५ ची शेपटी कुठून आणणार? आईला इंग्रजी आकडे वाचता येतात, पण अर्धवट झोपेत, चष्म्याशिवाय, तिची नजर कालनिर्णयावरच्या आकड्यांना सरावलेली. म्हणून ठिपके घेतले. जन्मभर ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या बाईला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. गणिताची चौकटीची वही घेतली. ती सांगायची, मी लाल स्केचपेनने चौकटी रंगवायची, मग वही तिच्यापासून चार फुटांवर धरायची. सर्वांत जास्त वेळ १ आणि ९ ने खाल्ला. दोन्ही दुरून सारखे दिसतात आणि तिची गोळी नऊला असते, एकला नसते. शेवटी १ तीन चौकटींत बारीक केला आणि ९ पाच चौकटींत ऐसपैस. "आता नऊ नऊसारखा दिसतोय," आई म्हणाली.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. जुलैत लोणावळ्यात दुपारी चारला दिवे लावावे लागतात, खिडकीबाहेर नुसतं धुकं. झोपून उठल्यावर सहा म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे, हे कुणालाच कळू नये. एएम-पीएमची बारीक अक्षरं तिला दिसली नसती. आठ ओळींपैकी सहा ओळींत अंक बसवले, सातवी मोकळी सोडली आणि आठवीत एकच ठिपका ठेवला, सूर्याचा. सकाळी सहाला तो डाव्या टोकाला असतो, संध्याकाळी सहाला उजव्या. रात्री नसतो. तिच्या डाव्या हाताची खिडकी पूर्वेची आहे, त्यामुळे हिशेब जमला.

पुढे काच लावायची की अ‍ॅक्रिलिक? तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, त्या तालुक्यातली मी. मन काचेकडे ओढत होतं. पण पलंगाशेजारी फुटणारी वस्तू नको. गडद लाल अ‍ॅक्रिलिक लावलं. खोलीतला उजेड त्यातून आत जाताना एकदा गाळला जातो आणि परत येताना पुन्हा एकदा. दिव्याचा लाल उजेड एकदाच, आणि तोही फारसा अडत नाही. त्यामुळे विझलेले ठिपके दिसतच नाहीत, पेटलेले तेवढे उठून दिसतात. ट्यूबलाइटची चकाकी मारायला पुढून पॉलिश पेपर फिरवला. असा खरवडलेला तुकडा ठिपक्यांना जवळजवळ चिकटूनच बसवावा लागतो, अंतर पडलं की अंक फिसकटतात.

पेटी आपल्याच वर्गातल्या, कामशेतला सुतारकाम करणाऱ्या मित्राने केली. नाव घ्यायचं नाही अशी त्याची ताकीद आहे. लाकूड त्याच्याकडच्या जुन्या खिडकीच्या चौकटीचं, सागवान. मी प्लायवूड म्हटल्यावर तो म्हणाला, "कार्ल्याच्या चैत्यात वर बघ जरा." सहावीच्या सहलीत आपण सगळ्यांनी माना वर करून पाहिलेल्या त्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं तिथे आहेत. पावसाळ्यात मात्र सागवानही थोडं फुगतं. म्हणून अ‍ॅक्रिलिक चिकटवलं नाही, खाचेत सैल सरकवलं. हवा खेळायला भोकं मागे आणि खाली. वर एकही नाही, कारण वर तांब्या ठेवला जाणार हे ठरलेलं. तळाशी लोखंडी पट्टी आहे, आईचा हात लागला तरी पेटी कलंडत नाही. पुढच्या बाजूला एकही बटण नाही.

मधले दोन ठिपके सेकंदासेकंदाला लुकलुकायचे. आई म्हणाली, "हे मला घाई करतात." ते आता स्थिर आहेत.

पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकणारी माझी लेक सुट्टीत आजीजवळ झोपते. तिने पहिल्या रात्री विचारलं, "आजी, हे काय लिहिलंय?" चौथ्या दिवसापासून सातची गोळी तीच आणून देते.

सातवरून आठवलं. ७ मला अजून पटलेला नाही. सहा ओळींत त्याचा पोटाचा गोल नीट येत नाही. चित्रकलेचे सर समोर बसले आहेत आणि चौकटीची वही मी पिशवीतून आणली आहे. सर, जेवणानंतर पाच मिनिटं द्याल का?