निळ्या काठाचा कप



तत्त्वज्ञान आणि लोकजीवनाचा प्रत्यक्ष अभ्यास करणारी मंडळी आज भाईंदर पूर्वेला, आमच्या इंद्रलोक परिसरात एकत्र आली आहेत.

अशा वेळी मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांची आठवण येते. 1926 साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., मग मुंबईत प्रा. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, पुढे बर्लिनला कवट्यांची मोजमापं. मला मात्र त्या भेटतात पंढरीच्या वाटेवर, ‘वाटचाल’ या लेखात. त्या दिंडीत अभंग सगळे मिळून म्हणत. जेवायला मात्र ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे. बाई दोन्हीकडे जेवल्या. मराठा बायकांच्या हातचं खाल्लं, तशा त्या बायका इरावतीबाईंचा हात धरून चालू लागल्या. शेवटी शेवटी तर त्या त्यांना ‘ताई’ म्हणू लागल्या! समतेचा प्रश्न ग्रंथांत होताच. तो चुलीपाशी अडतो, हे चालल्याशिवाय दिसलं नसतं. आणि तो प्रश्न मनात नसता, तर दोन चुली ही वहीतली नुसती नोंद राहिली असती.

तसाच प्रश्न माझ्याही स्वयंपाकघरात निघाला. आमच्या इमारतीत एक विद्यार्थिनी घरकाम करणाऱ्या बायकांशी बोलायला आली होती. माझ्या ओट्याच्या कडेला निळ्या काठाचा एक कप उपडा असतो. तिने माझ्याकडे काम करणाऱ्या मावशींना विचारलं, ‘‘हा वेगळा का?’’ शरमेने माझा चेहरा उतरला. मावशी म्हणाल्या, ‘‘मीच मागून घेतला. दुसऱ्या घरी कान तुटलेल्या कपात चहा देतात. हा माझा आहे.’’

तिने ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मी अजून त्या शब्दांपाशीच अडले आहे. तो कप म्हणजे शिवाशिव की हक्क? समोर दुसरा कप कान तुटलेला असेल, तर मागून घेण्याला निवड म्हणायचं का? तत्त्वज्ञांनी मावशींचं हे बोलणं ‘उदाहरण’ म्हणून तळटीपेत ढकलू नये. मावशींनीही विचारच मांडला आहे. आणि क्षेत्रअभ्यासाला जाणाऱ्यांनी मुलाखत संपली म्हणून वही मिटू नये.

आज दुपारचा स्वयंपाक याच परिसरातल्या बायकांनी केला आहे. पंगत एकच आहे आणि त्याही आपल्याबरोबर जेवणार आहेत. बसताना शेजारी त्यांच्यासाठी जागा ठेवा. मावशीही आहेत.