यजमान नगरीचे कर्तव्य



भारताकडे जी-२० राष्ट्रसमूहाचे अध्यक्षपद असताना, १६ व १७ जानेवारी २०२३ रोजी ऐतिहासिक पुण्यनगरीत पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक झाली. उद्याच्या शहरांसाठी वित्तपुरवठा हा तिचा प्रमुख विषय होता.

अशी चर्चा दूरदृश्य प्रणालीवरही होऊ शकते. परंतु प्रतिनिधी प्रत्यक्ष आले की शहरच साक्षीला उभे राहते. म्हणून केवळ पाहुण्यांच्या मार्गाची रंगरंगोटी म्हणजे आतिथ्य नव्हे. श्रावकाचे अतिथिसंविभाग व्रत स्वतःच्याच अन्नातील वाटा देण्यास सांगते.

यंत्रमागांच्या आपल्या भिवंडीनेही हा बोध घ्यावा. जे पाणी, जी स्वच्छता, जो रस्ता पाहुण्यास द्यावासा वाटतो, ते सारे प्रथम आपल्या गल्लीतील कामगारास मिळावे.

जय जिनेंद्र!