आधी विचारा, पाहिलं कुणी?



भित्र्या सशाची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. पाठीवर पान पडलं अन् ससा ओरडत सुटला, "आभाळ पडलं, पळा!" हरिण पळालं, कोल्हा पळाला, हत्तीसुद्धा पळाला. सिंहानं तेवढं विचारलं, "पाहिलं कुणी?" कुणीच पाहिलं नव्हतं. मग सिंह सशाला घेऊन त्या झाडाखाली गेला. तिथं नुसतं पान!

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी ते. बहुतेक कान्होपात्रांच्या मंगळवेढ्याकडचे.

माउली, दिंडीत आपणही परक्या गावी जातो. ओळख ना देख, तरी ओसरी मिळते, भाकरी मिळते. इथं चाकण-भोसरीत कंपन्यांमुळे लांबलांबची माणसं शेजारी राहतात. त्यांनाही तोच विश्वास द्यायचा.

म्हणून आम्ही एवढंच मागतो. असला मेसेज आला, तर पुढं ढकलू नका. आधी विचारा, "पाहिलं कुणी?" शंका राहिलीच, तर ११२ ला फोन करा, हात उगारू नका.

राम कृष्ण हरी!